छोट्या घडीचा स्ट्रोलर वापरून पाहिलाय का? अनुभव लिहा

मैत्रिणीकडून तिचा कॉम्पॅक्ट स्ट्रोलर मागून आणलाय, वापरून बघू आणि मग स्वतःचा घ्यायचा की नाही ते ठरवू असा विचार आहे. मोठा सव्वातीन वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची. आमची मोठी बाबागाडी उत्तम आहे पण ती गाडीच्या डिकीत गेली की दुसरं काही जात नाही. तर ज्यांनी वापरलाय त्यांनी लिहा, आवडला नसेल तर जास्तच लिहा कारण जाहिरातीतली सगळी मुलं हसत बसलेली असतात आणि आमच्याकडे तसं होत नाही.

सुरुवात मी करते. एका हाताने घडी होते हे खरं आहे, पण तो एक हात कुठला हे व्हिडिओत सांगत नाहीत. धाकटी डाव्या कडेवर असते आणि बटण दाबून ठेवून हँडल खाली ढकलायचं असतं, त्यात ती वाकून बटणच बघायला लागते. आता जमायला लागलंय. लक्षात आलेली गोष्ट म्हणजे घडी करायच्या आधी खालची जाळी रिकामी हवी, छप्पर मागे सारलेलं हवं आणि पुढची चाकं सरळ हवीत, यातलं एक जरी राहिलं तरी लॉक बसत नाही आणि आपल्याला वाटतं की बिघडला. बाकी घरात, लिफ्टमध्ये, अरुंद दारातून इतका सहज वळतो की मोठी गाडी आता रणगाडा वाटायला लागलीये.

विमानवाला बाबा

आम्ही फक्त प्रवासासाठी घेतला, त्यामुळे आकड्यांवर बोलतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची केबिन बॅगेसाठीची शिफारस ५६ × ४५ × २५ सेंमी अशी आहे, चाकं-हँडल सगळं धरून. बाजारातले बरेच 'केबिन साइज' स्ट्रोलर घडी केल्यावर यात बसतात, उदाहरणार्थ योयो नावाचा स्ट्रोलर ५२ × ४४ × १८ आहे. पण ही नुसती शिफारस आहे, प्रत्येक विमान कंपनी स्वतःचं माप आणि वजन ठरवते आणि वरचा कप्पा भरला असेल तर माप बसूनही उपयोग नाही. त्यामुळे तिकीट काढतानाच त्या कंपनीचा नियम वाचा. आमच्या एका प्रवासात शेवटी दारातच टॅग लावून खाली पाठवला, आणि उतरल्यावर तो विमानाच्या दाराशी न येता सरळ बॅगांच्या पट्ट्यावर आला, म्हणजे तेवढं सगळं अंतर झोपलेलं मूल खांद्यावर. तेव्हापासून टॅग लावतानाच विचारतो की परत कुठे मिळणार, आणि बाळाला अंगावर बांधून न्यायचं कॅरियर हाताशी ठेवतो. कव्हर घालूनच द्या, नाहीतर छपराचं कापड फाटतं.

जाता जाता, मिटणाऱ्या हलक्या स्ट्रोलरची कल्पना एका विमान अभियंत्याचीच. ओवेन मॅक्लारेन, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला माणूस, त्याने १९६५ मध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, छत्रीसारखा मिटणारा स्ट्रोलर बनवला, वजन तीन किलोच्या आत. आत्ताचे 'हलके' म्हणवणारे सहा-सात किलोचे असतात हे बघून गंमत वाटते, अर्थात आता त्यात पाठ आडवी होते, छप्पर आहे, जाळी आहे.

जुळ्यांची आई

डबल स्ट्रोलर आणि कॉम्पॅक्ट हे दोन शब्द एका वाक्यात बसत नाहीत असं माझं मत आहे. शेजारी-शेजारी सीटवाला वापरला, ढकलायला छान, पण साधारण पाऊण मीटर रुंद, दार बघितलं की आधी मनात मोजमाप. एकामागे एक सीटवाला अरुंद असतो पण लांब, फूटपाथच्या कडेवर चढवताना पुढचा भाग उचलायला अख्खं अंग घालावं लागतं. शेवटी आम्ही दोन सुटे कॉम्पॅक्ट घेतले, दोघं मोठी माणसं असलो तर एकेक ढकलतो. एकटी असले तर एक स्ट्रोलरमध्ये आणि एक पाठीवर. ज्याची पाठीवर जायची पाळी नसते तो रडतो.

सहा फुटी

दुकानात सगळे बाळाला बसवून बघतात, ढकलणाऱ्याचं कोणी बघत नाही. कॉम्पॅक्टमध्ये बऱ्याचदा हँडलची उंची बदलता येत नाही आणि मागचा दांडा जवळ असतो, त्यामुळे माझ्यासारख्याचा पाय दर पावलाला चाकाला लागतो. बायकोला काहीच त्रास नाही, मी मात्र बाजूने तिरका चालतो. घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला नेहमीच्या वेगाने चालायला सांगा.

नातवंडं सांभाळणारी आजी

मुलीने कौतुकाने आणला, म्हणाली आई किती हलका आहे बघ. स्ट्रोलर हलका आहे गं, पण एका हातात तो आणि दुसऱ्या हातात दहा किलोची नात आणि समोर जिना, हे वजन कोण मोजतं? त्यामुळे मी जिन्यावर स्ट्रोलर खालीच ठेवते, आधी नातीला वर नेते, कोणीतरी नंतर स्ट्रोलर आणतं. सरकत्या जिन्यावर तर मूल बसवून कधीच नाही, लिफ्टची वाट बघायची, घाई कसली आहे.

ब्रेक बघून घ्या. काहींना दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात आणि एकच लावला की गाडी स्वतःभोवती फिरते. एकाच पट्टीने दोन्ही चाकं धरणारा बरा. आणि ती पट्टी पायाने खालून वर उचलायची असेल तर चपलेतून अंगठा दुखतो, त्यापेक्षा वरून दाबून सुटणारी असावी. नात खाली उतरली की हँडलला लटकवलेल्या पिशव्यांनी अख्खा स्ट्रोलर मागे उलटा पडतो, म्हणून मी पिशव्या लटकवणं सोडलं. सगळं जाळीत, तेही हलकं असेल ते.

तीन महिन्यांच्या बाळाची आई

लहान बाळांसाठी विचार करत असाल तर घाई करू नका. बऱ्याच कॉम्पॅक्ट सीट सहा महिन्यांनंतरच्याच असतात, मान धरली आणि आधाराने बसायला लागलं की मग. जन्मापासून चालेल असं लिहिलं असेल तर पाठ खरंच जवळपास सपाट होते का ते बघा, युरोपच्या ईएन १८८८ या मानकात त्यासाठी सीट आणि पाठीतला कोन किमान १५० अंश मागतात. अर्धवट कलती सीट असेल तर एवढ्या लहान बाळाची मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, आमच्या डॉक्टरांनी हे फार ठासून सांगितलं. मी सध्या कॅरियरवरच आहे.

अजून एक, ऊन लागतं म्हणून वरून ओढणी टाकून पूर्ण झाकू नका. आतली हवा खेळत नाही आणि बघता बघता बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं, शिवाय बाळ दिसत नाही. लांब छपराचा घ्या आणि सावलीतून चाला.

विकून टाकला

आमच्या रस्त्यांवर नाही चालला बुवा. सपाट फरशीवर लोण्यासारखा, पण खडी, गवत, वाळू, फुटके पेव्हर आले की छोटी चाकं अडकतात, पुढचं चाक आडवं होतं आणि मूल पुढे झुकतं, खांदे, कंबर आणि पायांमधून धरणारा पाच टोकी पट्टा लावलेला होता म्हणून काही नाही. पुढची चाकं लॉक करून जरा फरक पडतो, किंवा वळवून मागे ओढत न्यायचा, पण मग रोज उलटं चालणार का? ज्यांचा रोजचा रस्ता खराब आहे त्यांनी मोठ्या चाकाचाच ठेवावा, भले डिकी भरू दे.

परत विमानवाला बाबा

वरच्यांशी सहमत, आमच्याकडेही रोजचा वेगळाच आहे. आणि घडी घालताना मुलं लांब ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेत मिटणारे सुमारे दहा लाख स्ट्रोलर परत बोलावले गेले होते, कारण बिजागरीत लहान मुलांची बोटं सापडून टोकं तुटल्याच्या तक्रारी होत्या. नवीन डिझाइनमध्ये बिजागऱ्या झाकलेल्या असतात, तरी मोठं भावंड 'मी करतो' म्हणत हात घालतंच.

देखभालीचं

चाक कुरकुरलं तर साधं तेल नको, धूळ चिकटून आणखी जाम होतं, सिलिकॉन स्प्रे मारा. आधी चाक काढून दांड्यावर गुंडाळलेले केस काढा, आमच्याकडे कुरकुरीचं कारण नेहमी तेच निघालं. वाळूतून आलात तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच घडी घाला.

धागा काढणारी

सगळ्यांना थँक्यू, आजींचा ब्रेकचा मुद्दा तपासला, आमच्याकडचा दोन वेगळ्या ब्रेकचाच निघाला! आता मोठ्याचं काय करू सांगा. धाकटी बसली की त्यालाच बसायचं असतं. मागे उभं राहायचा बोर्ड लावलाय का कोणी?

दोन वर्षांच्या अंतराची दोघं

बोर्ड घेण्याआधी स्ट्रोलरच्या पुस्तिकेत बघा, बरेच कॉम्पॅक्ट त्याला परवानगी देत नाहीत आणि लावला तरी मागच्या दांड्याला जागा कमी, मग तुमचा पाय कुठे ठेवणार. वजनाची मर्यादाही बघा, काही १५ किलोपर्यंतचे असतात, काही २२. आम्ही मोठीला बाजूच्या नळीला कापडी पट्टा बांधून दिला, तो फक्त तिचा, बाकी कोणी धरायचा नाही. दमली की दोघींची अदलाबदल आणि धाकटी कॅरियरमध्ये. पट्टा मात्र चाकापर्यंत पोचणार नाही इतका आखूड ठेवा.