चित्रांची पुस्तकं आणि घरोघरचे छोटे परीक्षक : तुमचे अनुभव येऊ द्या

मेहरूणकाठ (जळगाव)

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या पेटीत माझं लहानपणीचं 'महागिरी' निघालं. ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. उत्सवाचा खांब रोवायला हत्ती आणतात, माहूत अंकुश टोचतो तरी हा काही खांब खड्ड्यात सोडत नाही, आणि शेवटी कळतं की खड्ड्यात मांजरीचं पिल्लू बसलंय. हेमलता यांची गोष्ट, पुलक बिस्वास यांची चित्रं. कोपरे कसरीनं खाल्लेत, हत्ती शाबूत आहे.

लेक साडेचार वर्षांची. तिच्याकडे तूलिकाचं 'गजपती कुलपती' आहे, त्यातल्या हत्तीला सर्दी होते आणि तो असा काही शिंकतो की विचारू नका. दोन्ही हत्ती फरशीवर शेजारी शेजारी ठेवून संध्याकाळभर परीक्षा चालली होती. सर्दीवाला जास्त आवडला. पण महागिरी 'खरा', कारण त्याला मारलं तरी तो ऐकत नाही. आणि मग मला विचारते, "त्या माहूतला कोण रागावलं?" मी लहानपणी पिल्लू वाचलं म्हणून खूश व्हायचे, माहुताचा हिशोब कधी मागितलाच नव्हता. तिला शिक्षा हवी आहे, तीही चित्रात. शेवटी शेवटच्या पानाला एक कागद चिकटवला आणि त्यावर तिनं कोपऱ्यात उभा केलेला माहूत काढला.

तुमच्याकडे अशा तुलना होतात का? दोन पुस्तकं, दोन वाघ, दोन आज्या, काहीही चालेल. लिहा.

कपाशीवाला (चोपडा)

आमच्याकडे दोन अळ्या आहेत.

पुण्याच्या आत्यानं पोरासाठी 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' पाठवलं. एरिक कार्लचं, १९६९ चं, पानांना खरोखरची भोकं आहेत. आबांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं न म्हणे, "कुरतडेल माल गळ्यात मारला तुमच्या." मग गोष्ट ऐकायला बसले. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असं चढत चढत शनिवारी केक, आइस्क्रीम, टरबूज, सगळंच. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याचं रान गुलाबी बोंडअळीनं खाल्लंय त्याला अळीच्या भुकेचं कौतुक कसं वाटणार भो. नातवाला सांगतात, "हिच्यावर सोमवारीच निंबोळी अर्क मारायला पाहिजे होता."

तेव्हापासून पोरगं तुलना करत बसतं. पुस्तकातली हिरवी, आपली गुलाबी. पुस्तकातली खाते ते भोक आरपार दिसतं. आपली लहान असतानाच बोंडात शिरते, भोक बुजून जातं, बाहेरून बोंड एकदम ठणठणीत, फोडलं की आत सरकी खाल्लेली आणि कापूस पिवळा. पुस्तकातलीचं फुलपाखरू होतं. आपलीचा मातकट पतंग, तोही रात्रीचा उडणारा. आबांनी त्याला शेतात नेऊन कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग दाखवले. आता शेवटचं रंगीत फुलपाखराचं पान आलं की म्हणतो, "हे सापळ्यात नाही सापडलं."

शेवभाजी_जास्ततिखट

"सोमवारीच निंबोळी अर्क" 😂😂 आबांना कृषी विभागात घ्या कोणीतरी

मेहरूणकाठ

@कपाशीवाला, आबांचा व्हिडिओ टाका ना. बाकी सापळ्यात नर पतंगच सापडतात ना? मादीच्या वासानं येतात असं ऐकलंय.

कपाशीवाला (चोपडा)

हो ताई, नरच. पण ते साडेपाच वर्षाच्या पोराला कसं सांगू? 'मित्राला भेटायला आला न अडकला' असं सांगितलंय सध्या.

धुळ्याची सून

घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

सासूबाईंना अक्षरओळख नाही. पण दुपारी लेकाला घेऊन पुस्तक उघडतात. एका पुस्तकात आजी खिडकीशी भाजी निवडत बसलेली आहे. सासूबाई तिच्यावर बोट ठेवून म्हणतात, "हाई मी शे." बस, तिथून पुढे छापलेल्या गोष्टीचा काही संबंध नाही. त्या आजीला गुडघेदुखी होते, गोठ्यात दोन म्हशी येतात, एक भांडकुदळ जाऊ येते, आणि कानबाईच्या रोटांना सगळे एकत्र जमतात. चित्रात मागं एक बंद दार आहे, ते आम्ही कोणी कधी पाहिलंच नव्हतं. सासूबाईंनी त्यामागं जावेला ठेवलंय.

गंमत म्हणजे मी वाचताना एक ओळ गाळली तरी लेक पकडतो, "इथं 'मग' होतं." आजीनं रोज नवीन गोष्ट सांगितली तरी चालते. एकदा मला म्हणाला, तुझं पुस्तक नको, आजीचं आण. पुस्तक तेच होतं.

माझं माहेर नाशिकचं, मला अर्धी अहिराणी आत्ता या गोष्टींमुळे कळायला लागलीय. झाल्या शिट्ट्या, जाते.

भुसावळ_लोको

निवृत्त लोको पायलट. नातवासमोर रेल्वेची पुस्तकं घेऊन बसणं म्हणजे रोज खातेनिहाय चौकशी.

पहिली तक्रार, इंजिनातून धूर. "आजोबा, हे जळतंय का?" त्याला खिडकीतून दिसतात ती सगळी विजेवरची. दुसरी तक्रार, पुस्तकातल्या विजेच्या इंजिनाला वर तार आहे, पण पेंटोग्राफ, म्हणजे टपावरून तारेला टेकून वीज घेणारा सांगाडा, खाली मुडपलेला. म्हणजे गाडी चालते कशावर? हे त्यानंच शोधलं बरं का, मी नाही. तिसरी, चाकं. आपल्याकडच्या डब्ल्यूएपी-४ या विजेच्या इंजिनाला सहा आस, म्हणजे बारा चाकं. एका बाजूनं सहा दिसायला हवीत. पुस्तकात दोन. एका महागड्या परदेशी पुस्तकात तर तीन! तीन कशी असतील हो? एका बाजूला तीन म्हणजे...

शेवभाजी_जास्ततिखट

काका, तीन आस असलेली शंटिंगची इंजिनं असतात की. एका बाजूला तीनच दिसणार.

भुसावळ_लोको

शंटिंगचं इंजिन एक्स्प्रेसचे डबे घेऊन डोंगरातून जाताना दाखवलंय साहेब. 🙏

तोरणमाळ रस्ता

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, सातपुड्यात. पहिलीच्या वर्गातली बरीच लेकरं घरी पावरी बोलतात, मराठी वर्गात आल्यावर. म्हणून सुरुवातीला मी शब्द वाचतच नाही. दोन पुस्तकं उघडी ठेवतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं फार अवघड जातं, सवय मास्तरकीची.

परवा जंगलाची दोन पुस्तकं होती. एकात वाघ, जिराफ, अस्वल सगळे एकाच झाडाखाली गप्पा मारतात. दुसऱ्यात नुसतंच जंगल, एक पायवाट आणि टोपली घेतलेली बाई. मोठ्यांना वाटेल प्राण्यांचं जिंकणार. लेकरांनी पहिल्यावर दोन मिनिटांत काट मारली. जिराफ इथं कसा आला? आणि अस्वल हसतं कुठं? एका पोराच्या काकाला मोह वेचताना अस्वलानं फाडलंय, त्यानं ते पानच झाकलं. दुसऱ्या पुस्तकावर मात्र तास गेला. बाई पहाटे निघाली असणार, कारण सावली लांब आहे. टोपली रिकामी आहे, कारण ती एका हातानं धरलीय. झाड मोहाचं नाही, पानं बारीक काढलीत. हे सगळं त्यांचं, माझं एक अक्षर नाही.

पुस्तकं विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी : प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, २०१५ पासून आहे. मराठीत भरपूर गोष्टी, फुकट उतरवता येतात, छापता येतात, आपल्या बोलीत भाषांतर करून परत टाकताही येतात, परवानगीची भानगड नाही. आमच्याकडे रेंज फक्त टाकीजवळच्या चढावर येते. तिथं उभं राहून उतरवतो.

धुळ्याची सून

टोपली एका हातानं धरलीय म्हणून रिकामी... हे मला सुचलं नसतं सर.

अमळनेरकर पुण्यात

मी रात्री व्हिडिओ कॉलवर भाचीला वाचून दाखवतो. ती पुस्तक कॅमेऱ्याला इतकं चिकटवते की मला फक्त निळा रंग दिसतो. मग मी विचारतो निळं काय आहे, आणि तीच मला वाचून दाखवते. हल्ली 'राधाचं घर' चालू आहे, माधुरी पुरंदरे, ज्योत्स्ना प्रकाशन. शब्द आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, त्यामुळे चित्रात एक आणि मजकुरात दुसरंच असं होत नाही. चकचकीत अनुवादित पुस्तकांत हे फार खटकतं. शेकोटी, बर्फ, लोकरी टोप्या, आणि मजकुरात पोराचं नाव बंडू. जळगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला बर्फाचं पान उघडलं की भाची त्यावर गालच टेकवते म्हणा.

शेवभाजी_जास्ततिखट

पंचेचाळीस कुठं, आज कूलरपण गरम हवा फेकतोय. लाइट गेली होती दुपारी. तुमच्याकडे होती का @मेहरूणकाठ?

मेहरूणकाठ

दोन तास नव्हती. त्या दोन तासांतच तर हत्तींची परीक्षा झाली.

यावलची वहिनी

मला तुलना वगैरे काही जमत नाही बाई. माझ्याकडे जुळे आहेत. दोघांना एकच पुस्तक एकाच वेळी पाहिजे आणि तेही उलट्या बाजूंनी. एक पुढून सुरू करतो, दुसरी मागून, मधल्या पानावर मारामारी. पुठ्ठ्याची जाड पानं घेतली तर ती डोक्यात घालतात. कोणी कापडी पुस्तकं वापरलीत का? धुतल्यावर रंग राहतो का?

अमळनेरकर पुण्यात

राहतो वहिनी, पण कोमट पाण्यात हातानं धुवा, मशीनला नको. आमच्या ताईच्या कापडी पुस्तकातला सिंह आता राखाडी आहे. भाची त्याला 'म्हातारा सिंह' म्हणते, शेजारच्यांचा तरुण.

यावलची वहिनी

🙂 घेते मग. ता.क. या रविवारी यावलहून जळगावला येतोय, कोणाला भरताची वांगी पाहिजेत का? या दिवसांत हिवाळ्यासारखी येत नाहीत, पण दिरांच्या मळ्यात थोडी आहेत.

भुसावळ_लोको

भुसावळवरूनच जाणार ना? दोन किलो ठेवा माझ्यासाठी. हिरवी, कमी बियांची.

कपाशीवाला (चोपडा)

आधी अळी बघून घ्या काका 😄

तोरणमाळ रस्ता

@मेहरूणकाठ, 'महागिरी'च्या पानांचे फोटो पाठवाल का? वर्गात दाखवायचेत. माहुताचं काय करायचं ते आमच्या लेकरांनाही विचारतो. हत्तीबद्दल त्यांचं काय मत होईल सांगता येत नाही, इथं हत्ती फक्त जत्रेत दिसतो.

मेहरूणकाठ

रात्री पाठवते सर, लेक झोपल्यावर. जागी असताना पुस्तक हातात घेऊ देत नाही.