मखमलाबादचा दीड गुंठ्याचा प्लॉट : बांधकाम परवानगी लागते की नाही?

अंगण
नमस्कार. नाशिकच्या मखमलाबाद शिवारात वडिलांनी घेतलेला प्लॉट आहे. ते गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी वारस नोंद झाली. आता आईसाठी खाली-वर दोन मजल्यांचं साधं घर बांधायचंय. तिचे गुडघे गेलेत आणि भाड्याच्या घराचे जिने तिला झेपत नाहीत, म्हणून घाई आहे. खरेदीखतात 'दीड गुंठा' आहे, सातबाऱ्यावर १.५० आर. ठेकेदार म्हणतो, "ताई, दीडशे चौरस मीटरपर्यंत परवानगी लागतच नाही, अमावस्या सरली की खड्डे घेऊ." शेजारचे काका म्हणतात, दीड गुंठा दीडशेच्या वर जातो, तुम्हाला सगळं करावं लागणार. कोणाचं धरू? भाऊ पुण्यात असतो, सारखा येऊ शकत नाही.

सातपूरकर
ठेकेदार बरोबर सांगतोय. नव्या नियमावलीत लहान प्लॉट मोकळे केलेत. आमच्या गल्लीत असंच बांधलंय, कोणी विचारायला आलं नाही. घ्या बांधून.

टी-स्क्वेअर
ताई, एवढ्यावर खड्डे घेऊ नका. कॅनडा कॉर्नरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून माझी उभी हयात गेली. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेल्या नकाशांपासून ऑनलाइन अर्जापर्यंत सगळं हाताखालून गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सवलत आहे, हे खरं. पण ती मिळते कशी? आर्किटेक्टने किंवा परवानाधारक इंजिनिअरने सही केलेला नकाशा, मालकीचे कागद आणि विकास शुल्क पालिकेत भरायचं. त्याची पावती आणि शिक्क्याची प्रत म्हणजेच तुमची परवानगी. मंजुरीची वाट बघावी लागत नाही, एवढीच सूट. नकाशाच दिला नाही तर ते बांधकाम विनापरवानाच, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येते ती मालकाला, ठेकेदाराला नाही. १५० ते ३०० मीटरच्या प्लॉटलाही दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे, तेव्हा त्या गटात गेलात तरी घाबरण्यासारखं काही नाही.

आता तुमचा दीड गुंठा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७. दीड गुंठ्याचे होतात १५१.७६. तुमच्या काकांचं गणित चोख आहे. पण आर म्हणजे सरळ १०० मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचे १.५० आर हे १५० मीटर झाले. नकाशाच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो. त्यात पहिल्याच ओळीला प्लॉटचं क्षेत्र तीन ठिकाणचं मांडतात : मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि जागेवर प्रत्यक्ष. तिन्हींत जे कमी ते धरायचं. त्यामुळे मोजणीत १५१ निघाले तरी तुमचे १५०च धरले जायला हवेत. मोजणीत १४६ निघाले तर मात्र १४६वर घर बसवावं लागेल, आणि शेजाऱ्याचं कुंपण आत आलं असेल तर ते आत्ताच कळेल.

म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. हद्दीच्या खुणा करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. मग आर्किटेक्टकडे जा. उलटं केलं की नकाशा दोनदा काढावा लागतो.

त्याहून मोठा प्रश्न मला विचारायचाय : ले-आऊट मंजूर आहे ना? खरेदीखतात प्लॉट नंबर आणि बिनशेती आदेशाचा क्रमांक दिसतो का? नुसताच गटातला दीड गुंठा तोडून घेतलेला असेल तर हे प्रकरण गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या तुकड्यांत जातं आणि वरची सवलत बाजूला राहते. हे तपासल्याशिवाय कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

अर्जावर तिघांच्याही सह्या लागतील. भावाचं कुलमुखत्यारपत्र आईच्या किंवा तुमच्या नावे करून घ्या, म्हणजे त्याच्या चकरा वाचतील.

हप्तेवारी
कर्ज काढणार असाल तर बँक नकाशा आणि ती पावती मागतेच. टप्प्याटप्प्याने पैसे सोडताना व्हॅल्युअर जागेवर येतो आणि नकाशाशी ताडून बघतो. माझ्या बहिणीच्या घराला जिना नकाशात एका बाजूला आणि बांधला दुसऱ्या बाजूला, त्यावर स्लॅबचा हप्ता अडकून बसला होता. कामगार कल्याण उपकरही हिशोबात धरा, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहत्या घराला पूर्वी १० लाखांपर्यंत माफी होती, नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती ५० लाखांपर्यंत आहे; तुमचा खर्च त्यात बसतो का ते बघा.

सातपूरकर
पावतीचं मला माहीत नव्हतं. ताई, टी-स्क्वेअर सांगतात तसंच करा.

अंगण
सगळ्यांचे मनापासून आभार. खरेदीखत काढून बघितलं : प्लॉट नंबर आहे, बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीखही आहे. मोजणीचा अर्ज या आठवड्यात टाकते. अजून एक. प्लॉटवर वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे, आता चांगला मोठा झालाय. ठेकेदार म्हणतो आधी तो पाडू. आईची इच्छा नाही.

टी-स्क्वेअर
पाडू देऊ नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या जागेतलं असलं तरी. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत झाड दाखवा आणि बुंधा मोजून नकाशावर टाकायला सांगा. समोर किंवा बाजूला जी मोकळी जागा सोडावीच लागते, तिच्यात ते येत असेल तर घर थोडं सरकवून झाड राहतं, मी अशी घरं बसवलेली आहेत. फक्त आपल्याकडची काळी माती लक्षात ठेवा : पाया मुरमापर्यंत न्या आणि झाडाकडच्या फुटिंगबद्दल (खांबाखालच्या पायाबद्दल) स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळं विचारा. निंब रस्त्याच्या बाजूला आहे की मागच्या हद्दीला? आणि समोरचा रस्ता किती मीटरचा? तेवढं कळवा, कच्चा नकाशा काढून इथेच टाकतो.