१० मीटर एअर रायफलवरून ५० मीटर .२२ कडे वळताना: मदत हवी आहे

मी पुण्यात हौशी नेमबाज म्हणून १० मीटर एअर रायफलचा नियमित सराव करतो आणि स्वप्नील कुसाळे यांच्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर ५० मीटर थ्री पोझिशनकडे (.२२ इंच बोअरच्या रायफलने गुडघ्यावर बसून, पडून आणि उभे राहून नेम धरण्याचा प्रकार) मनापासून ओढला गेलो आहे.

दोन्हींतील कागदावरचा फरक मला ठाऊक आहे: एअर रायफलचा ४.५ मिमी छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो, .२२ ची गोळी जवळपास दुप्पट वेगाने. शिवाय .२२ मध्ये वारा आहे, गोळी सुटताना रायफलचा थोडा झटका आहे. क्लबच्या .२२ रायफलवर पडून नेम धरला, तेव्हा गट (लक्ष्यावरील गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) बऱ्यापैकी जुळला. गुडघ्यावर बसून मात्र तो सतत डावीकडे सरकतो. साइट (नेम धरण्याची दर्शिका) पुन्हा जुळवून, गोळ्यांचा ब्रँड बदलून आणि वारा पडलेला असताना सराव करूनही फरक पडला नाही.

स्वतःची .२२ रायफल आणि तिचा परवाना सध्या शक्य नाही; .२२ च्या गोळ्याही मोजक्याच मिळतात. त्यामुळे गुडघ्यावरील स्थितीतील हा दोष मी घरी एअर रायफलवरच सुधारू शकेन का, की झटक्याची सवय नसल्यामुळे तो केवळ .२२ वरच जाईल?