धाग्याला लटकलेली ‘मुंगी’: हा कोळी कोणता असावा?

प्रश्न

बागेतल्या आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्यांची वसाहत आहे. काल सकाळी त्यांपैकी एक मुंगी मेलेल्या सोबतिणीला तोंडात धरून पानाच्या कडेपर्यंत आली आणि तिथून खाली पडली. पण ती जमिनीवर न पोहोचता वीतभर खाली, हवेतच थांबली. जवळ जाऊन पाहिले, तर ती एका बारीक धाग्याला लटकत होती. मुंग्या धाग्याला लटकत नाहीत, म्हणून पाय मोजले, ते आठ भरले. लांबी सहा-सात मिलिमीटर, रंग मुंग्यांसारखाच नारिंगी-तांबडा आणि दोन ठळक काळे डोळे. हा कोळी कोणता, आणि तो मुंग्यांमध्ये बिनधास्त कसा वावरतो?

प्रतिसाद १

आपण केलेल्या वर्णनावरून हा मिर्माप्लाटा प्लाटालेऑइडीस असावा. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला असून विणकर मुंग्यांची हुबेहूब नक्कल करतो. त्याचे शिरोवक्ष मध्येच आवळलेले असल्यामुळे शरीराचे दोनच भाग असूनही ते तीन वाटतात, आणि पायांची पुढची जोडी उचलून तो मुंगीच्या मिशांसारखी हलवत राहतो. नराचे जबडे इतके लांब असतात की तो दुसरी मुंगी उचलून नेत आहे असाच भास होतो, त्यामुळे आपल्याला दिसलेली ‘मेलेली सोबतीण’ म्हणजे बहुधा त्याचे जबडेच असावेत. विणकर मुंग्या कडकडून चावतात आणि फॉर्मिक आम्ल फवारतात, म्हणून पुष्कळ शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासारखे दिसण्याचा फायदा या कोळ्याला मिळतो, मात्र तो स्वतः मुंग्यांपासून चार हात दूरच राहतो.

प्रतिसाद २

वरील ओळख शक्य आहे, पण मला ती घाईची वाटते. लटकण्यावरून काहीच ठरत नाही, कारण उड्या मारणारे कोळीही मागे सुरक्षेचा धागा सोडत चालतात. आपल्याकडे छायाचित्र असेल तर ते मोठे करून दोन गोष्टी पाहाव्यात. तोंडाशी जे आहे त्याला स्वतंत्र पाय आणि मिशा दिसतात का, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: ते दोन काळे डोळे पाय फुटतात त्या बाजूला आहेत की विरुद्ध टोकाला? हे विचारण्याचे कारण असे, की अमायसिया फोर्टिसेप्स नावाचा खेकडा-कोळीही याच मुंग्यांची नक्कल करतो, आणि त्याच्या उदराच्या मागच्या टोकाजवळ दोन काळे ठिपके असतात. ते मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात, त्यामुळे त्याचे उदरच मुंगीचे डोके भासते. खरे आठ डोळे पुढे असतात, पण ते इतके लहान, की भिंगाशिवाय सहज नजरेस पडत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

छायाचित्र मोठे करून पाहिले. तोंडाशी असलेल्या वस्तूला सहा पाय आणि कोपरात वाकल्यासारख्या दोन मिशा स्पष्ट दिसतात, म्हणजे ती खरोखरीची मुंगी आहे. आणि ज्यांना मी डोळे समजत होतो ते ठिपके पायांपासून दूर, उदराच्या टोकाला आहेत! तो पानावर उलटा चालत आहे असे मला वाटले होते, ते मुळात मीच त्याचे तोंड चुकीच्या बाजूला शोधत असल्यामुळे.

प्रतिसाद १

मग माझी ओळख मी मागे घेतो. नराच्या जबड्यांना मिशा फुटत नाहीत.

प्रतिसाद २

हा अमायसियाच. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. आजारी मुंगीसारखा थरथरत वावरतो, एखादी मुंगी चौकशीला जवळ आली की तिला चावतो आणि शिकार घेऊन धाग्यावरून खाली उतरतो, म्हणजे बाकीच्या मुंग्यांना त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. आपण पाहिलेले ‘पडणे’ हेच होते. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. त्याला पाहायला पुन्हा जाल तेव्हा सांभाळायचे ते मुंग्यांना.