बाबा करायचे तसा कामट्यांचा कंदील

प्रश्न: लहानपणी बाबा दिवाळीला घरीच कामट्यांचा आकाशकंदील करायचे, चौकोन-त्रिकोणांचा. तसाच मुलांसोबत करायचाय. कामट्या किती, माप काय?

काडीपैलवान: २४ कामट्या, सगळ्या बरोब्बर २० सेंमी. इथेच घोळ होतो. एखादी अर्धा सेंटिमीटर जास्त राहिली की सांगाडा पिळतो. आधी चार चौकोन बांधा, टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा जोडत गोल करा. मग वरच्या टोकांना चार कामट्या, खालच्यांना चार. टोकांना बारीक खाच पाडा, दोरा सरकत नाही.

चिकटपट्टी: पतंगी कागदाचे ४ चौकोन, ८ त्रिकोण, कडेला १ सेंमी जादा. वरचा-खालचा चौकोन उघडाच, नाहीतर बल्ब बदलणार कुठून? खळीला दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, ढवळत शिजवून गार करायची. पातळ झाली की कागद भिजून फाटलाच.

शेजारचा_बंड्या: खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात ना, झुरळं लागू नयेत म्हणून?

चिकटपट्टी: टाकायचे. पण विषारी असतो, मुलं हात घालणार असतील तर नकोच.

काडीपैलवान: बल्ब ५ वॉटचा एलईडी. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या दिव्याने कागद करपायचा. शेपट्या अगदी शेवटी, टांगायच्या आधी.