असईचा वेलस्ली पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला, त्याबद्दल मदत हवी आहे

मंडळी, दिवाळीनंतर आमच्या वाचनकट्ट्यावर मला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीवर बोलायचंय. लढाईचा भाग तयार आहे: २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं असई. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडायला उतार असणारच, एवढ्या तर्कावर गड्याने फौज पाण्यात घातली! शिंद्यांच्या तोफांनी पुढे त्याची माणसं भाजून काढली, पण मैदान त्यानेच मारलं.

अडलंय ते राजकारणात. आयर्लंडमधल्या उमराव घराण्यातला हा मुलगा, थोरला भाऊ आपल्याकडे गव्हर्नर जनरल. १८२८ मध्ये हा स्वतः पंतप्रधान. १८२९ला कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली आणि त्यावरून, पदावर असताना, एका सरदाराशी पिस्तुलं घेऊन द्वंद्वाला उभा राहिला. तोच माणूस १८३० मध्ये मतदान सुधारणेला साफ नाही म्हणतो, सरकार घालवतो. पुढे जमाव त्याच्या घराच्या काचा फोडतो. ही संगती कशी लावायची?

त्याच्या या उत्तरार्धावर मराठीत कुणी नीट लिहिलंय का? जुन्या मासिकातला लेखही चालेल. आणि असईला कुणी जाऊन आलं असेल, तर तो उतार आज गावकरी दाखवतात का, तेही सांगा.