मदत हवी आहे: मॅट पिलाटीजच्या (चटईवर, श्वासासोबत करायच्या व्यायामांच्या) वर्गात ‘न्यूट्रल’ जाणवून कसं द्यावं?

चटईकर:
नवशिक्यांचा वर्ग आहे. आठ जण, ५० मिनिटं. साधनं म्हणजे चटया, टॉवेल आणि इलॅस्टिक बँड, एवढीच. अडकतंय ते असं:

न्यूट्रल (कंबर जमिनीला दाबलेली नाही आणि जास्त कमानीतही नाही, अशी मधली स्थिती) सांगितलं की निम्मे लोक कंबर जमिनीला चिकटवतात, उरलेले कमान करतात. टेबलटॉपमधून (पाठीवर झोपून पाय वर, खुबे आणि गुडघे ९० अंशांत) पायाचं बोट जमिनीला टेकवताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो आणि कंबर सुटते. हंड्रेडमध्ये (डोकं आणि छाती उचलून, श्वास मोजत हात वर-खाली हलवण्याचा व्यायाम) पोटाआधी मान दुखते. शिवाय ‘पोट आत, बरगड्या खाली, खांदे कानांपासून लांब’ एवढं म्हटलं की सगळे ताठ होतात आणि श्वास रोखतात.

नेमक्या सूचना आणि क्रम हवा आहे. ‘सरावाने येईल’ हे उत्तर कृपया नको.

पाठकणा:
न्यूट्रलपासून सुरू करू. कमरेखाली हात जातो का हे बघून न्यूट्रल ठरवू नका. ज्यांचा पार्श्वभाग भरलेला असतो त्यांची कंबर मुळातच जास्त वर राहते, आणि ते बिचारे ती दाबत बसतात.

पाठीवर झोपवा, गुडघे वाकलेले, पावलांत खुब्यांइतकं अंतर. हनुवटी छताकडे जात असेल तर डोक्याखाली दोन-तीन सेंटीमीटर जाडीची टॉवेलची घडी द्या, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. दोन्ही तळहातांचे मनगटाकडचे भाग कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, बोटांची टोकं खाली जांघांच्या मधल्या हाडावर. हाताखाली त्रिकोण तयार होतो. आता कंबर जमिनीकडे, मग कमानीकडे, असं आठ वेळा हलवायला सांगा, पण प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान. शेवटी हालचाल जवळजवळ थांबते तेव्हा त्रिकोण साधारण जमिनीला समांतर असतो. ‘आता इथे थांबा’ एवढंच म्हणा. दोन्ही टोकं अनुभवल्याशिवाय मधलं सापडत नाही.

मग एकच प्रश्न: माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर वजन कुठे आहे, वर, खाली की मध्ये? उत्तर तोंडाने द्यायला लावू नका.

श्वासमोजणी:
तुमच्या तीन सूचनांपैकी दोन आजच काढून टाका. एका फेरीत एकच लक्ष्य. ‘पोट आत ओढा’ म्हटलं की लोक श्वास घेऊन पोट खेचतात, बरगड्या वर उचलल्या जातात आणि पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो.

त्याऐवजी बँड बरगड्यांच्या खालच्या भागाभोवती गुंडाळा, टोकं हातात. श्वास घेताना बँड दोन्ही बाजूंना आणि मागे ताणला जावा, सोडताना सैल व्हावा. सोडताना ‘स्स्स’ असा आवाज. कमरेच्या पुढच्या हाडापासून दोन सेंटीमीटर आत आणि थोडं खाली बोटं ठेवली, की खोलवरचा आडवा स्नायू हळूच घट्ट होताना लागतो. बोटं बाहेर ढकलली गेली तर जोर जास्त लागतोय. पूर्ण ताकदीच्या पाव भागाइतका पुरे.

उंचवट्याचं कारण बहुधा भार आहे. पाय जितका लांब तितकी तरफ मोठी. म्हणून क्रम: टाच जमिनीवर सरकवणं, मग वाकलेला एक पाय जमिनीवरून टेबलटॉपपर्यंत आणि परत, मग दोन्ही पाय वर ठेवून एकेका पायाचं बोट टेकवणं, गुडघ्याचा कोन ९० अंश तसाच. इथे बहुतेक जण फसतात: गुडघा उघडून पाय लांब करतात आणि ‘टेकलं’ म्हणतात. श्वास सोडायला आधी सुरुवात, हालचाल एका क्षणाने नंतर. उंचवटा दिसला की एक पायरी मागे.

बाळंतपणानंतर उंचवटा कायम राहत असेल तर त्या बाईंना ओटीपोटाच्या तळाचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.

पाठकणा:
हंड्रेड राहिलं. जोसेफ पिलाटीज यांच्या १९४५ च्या पुस्तकातल्या ३४ व्यायामांत ते पहिलं आहे, म्हणून नवशिक्यांनाही पहिलं द्यायचं असं नाही.

मान दुखते कारण पाठीचा वरचा भाग वाकत नाही आणि सगळा वाक मानेतच पडतो. आधी नुसती हनुवटीची छोटी ‘हो’, डोकं जमिनीवरच. हनुवटी आणि छाती यांत एका मुठीचं अंतर. मग हात डोक्यामागे, डोक्याचं वजन हातांत, आणि खवाट्यांची खालची टोकं जेमतेम टेकलेली राहतील इतकंच वर. नजर मांड्यांकडे. हे नीट जमेपर्यंत पावलं जमिनीवर, पाच आकडे श्वास आत, पाच बाहेर, असे तीनच श्वास. दहा श्वास म्हणजे शंभर. ते पुढे कधीतरी.

हाडं ठिसूळ झालेल्यांना छाती उचलणं आणि रोल-अप (झोपलेल्या स्थितीतून कणा वाकवत उठून बसणं) देऊच नका. त्यांनी डोकं खाली ठेवून फक्त हात हलवावेत.

फिजिओ_मराठी:
थोडी असहमती. न्यूट्रल ही सुरुवातीची जागा आहे, पाठीचा कणा कायम तिथे ठेवायचा नसतो. ‘कंबर सुटली तर इजा होईल’ असं वर्गात बोलू नका. माणसं हालचालीला घाबरतात आणि आणखी आवळतात. वर लिहिलेला ताठपणा काही अंशी तिथूनही येतो.

जाणिवेसाठी तुलना द्या. फक्त उजव्या टाचेचं सरकवणं सहा वेळा करून घ्या, मग दोन्ही पाय लांब आणि अर्धा मिनिट शांतता. ‘कोणता पाय जड, कोणता लांब वाटतो?’ डावा त्यानंतर. ‘बरं वाटतंय ना?’ हे विचारू नका, लोक हो म्हणून मोकळे होतात. डोळे मिटणं ऐच्छिक ठेवा, काहींना गरगरतं. हात लावून दुरुस्ती करायची तर प्रत्येक वेळी परवानगी.

चटईकर:
खूप उपयोगी. ५० मिनिटांत हे बसवायचं कसं? आणि एकीच्या खुब्यात बोट टेकवताना टक् असा आवाज येतो, दुखत नाही.

श्वासमोजणी:
श्वास आणि त्रिकोण १० मिनिटं, टाच ते टेबलटॉप १५, ब्रिज (पाठीवर झोपून खुबे वर उचलणं) आणि कुशीवरचे पायांचे व्यायाम १५, हनुवटी आणि छाती ५. उरलेली पाच उभं राहून, कारण झोपून सापडलेलं उभ्याने हरवतं. ब्रिजमध्ये मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा पार्श्वभागाच्या जवळ आणा.

टक् बहुतेक वेळा कंडरा हाडावरून सरकल्याचा असतो. पाय किंचित बाहेर वळवून, कमी उतरवून बघा. दुखायला लागलं किंवा खुबा अडकला तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगा.